नववा दूरध्वनी

चेन्नई नगरीचा आणि नभोवाणीचा संबंध फार जुना आहे. हे शहर मद्रास या नावाने ओळखले जात असे, त्या काळी, १९२४ साली, काही हौशी मंडळींनी तेथे रेडिओ क्लब स्थापन केला. द्रव्याभावी तो १९२७ साली बंद पडला. पण १९३० पासून मद्रास महापालिकेने ते कार्य हाती घेतले आणि मरीनाच्या किनाऱ्यावर ध्वनिवर्धक लावून नागरिकांस गाणे ऐकविले. १९३८ साली तेथे ऑल इंडिया रेडिओचे केंद्र सुरू झाले. १९७७ साली भारतातील पहिले एफ.एम. प्रक्षेपणही याच शहरातून झाले. या दीर्घ काळात श्रोत्याचे काम मुख्यतः एकच होते, ते म्हणजे ऐकणे. फार तर त्याने एखादे पत्र लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. पुढे घरोघर दूरध्वनी आला, २००० नंतर खासगी केंद्रे निघाली, आणि श्रोत्यास बोलण्याची संधी मिळाली. तिच्याबरोबरच नशीब अजमावण्याचे निमंत्रणही आले.

तिरुवल्लिकेणीतील एखादे कुटुंब घटकाभर डोळ्यांसमोर आणावे. पिढ्यान्‌पिढ्या घरात तंजावरी मराठी आणि दाराबाहेर तमिळ बोलणारे. सकाळी निवेदक एक सोपा प्रश्न विचारतो आणि सांगतो की, अचूक उत्तर देणाऱ्या नवव्या श्रोत्यास पाच हजार रुपये मिळतील. आजी उत्तर सांगते, वडील, आई आणि मुलगी तीन दूरध्वनींवर एकदमच क्रमांक फिरवू लागतात. तिन्हीकडून ‘लाइन एंगेज’ असल्याचा स्वर येतो. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तोच स्वर. आणि पाच मिनिटांनी दुसऱ्याच कोणाचे अभिनंदन ऐकू येते. उत्तर येत असूनही आपण हरलो कसे, असा प्रश्न मुलीला पडतो.

त्याचे उत्तर ज्ञानात नसून तारांच्या संख्येत आहे. समजा, केंद्राकडे दहा तारा आहेत आणि चार हजार दूरध्वनी एकाच वेळी प्रयत्न करीत आहेत. पहिल्या काही क्षणांतच दहाही तारा भरतात. निवेदक त्या एकेक करून उचलतो, ‘तुम्ही तिसरे’, ‘तुम्ही चौथे’ असे सांगतो. आणि नववा भाग्यवान बहुधा त्या पहिल्या दहांतच सापडतो. नंतरची सारी धडपड व्यर्थ असते. दूरध्वनीच्या या गर्दीचे गणित प्रथम मांडले ते कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या एरलांग या डॅनिश गणितज्ञाने. किती तारा असता किती जणांस परत फिरावे लागेल, हे सांगणारे त्याचे सूत्र १९१७ साली प्रसिद्ध झाले. मात्र तारा दुप्पट केल्या तरी बक्षीस एकच राहते. चार हजारांत तीन, एवढीच या कुटुंबाची संधी.

रेडिओ संचावर ऐकणाऱ्यास येथे थोडा लाभ असतो. इंटरनेटवरून येणारा आवाज काही सेकंद मागे असतो, आणि तेवढ्यात तारा भरून जातात. तार लागलीच, तर घरातील रेडिओचा आवाज आधी बंद करावा. नाहीतर आपलाच आवाज फिरून येऊन बोलणे अडते.

आता खर्चाचा विचार. पाच हजारांस चार हजारांनी भागले असता प्रत्येक दूरध्वनीच्या वाट्यास सव्वा रुपया येतो. त्या प्रयत्नाचे सरासरी मोल तेवढेच. साध्या क्रमांकावर एंगेज स्वरास पैसे पडत नाहीत, म्हणून हा खेळ जवळजवळ फुकटचा. पण लघुसंदेश पाठवावयाचा असेल, तर प्रत्येकाचा संदेश स्वीकारला जातो आणि प्रत्येकाकडून दाम घेतले जातात. २००७ साली एका गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या स्पर्धेत एका संदेशास २ रुपये ४० पैसे पडत. त्या दराने चार हजार संदेशांचे ९,६०० रुपये होतात. म्हणजे बक्षीस हरणाऱ्यांच्याच खिशातून निघते आणि वर शिल्लकही उरते. ज्या स्पर्धेतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही, ती जुगाराच्या जातीची, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांसंबंधी दिला होता. तमिळनाडूने तर २००३ साली लॉटरीच्या विक्रीवरच बंदी घातली. तिकीट नाही म्हणून सोडत नाही, असे मात्र समजू नये.

बक्षीस लागल्याचे सांगून आधी ‘शुल्क’ भरावयास लावणारा किंवा बँकेचा गुप्त क्रमांक विचारणारा दूरध्वनी आला, तर तो निःशंकपणे ठेवून द्यावा. भाग न घेतलेल्या स्पर्धेत कोणी जिंकत नसते.

एवढे ध्यानी ठेवून त्या कुटुंबाने उद्या पुन्हा क्रमांक फिरविला, तर त्यात गैर काही नाही. मुलीला मात्र एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. आजीचे उत्तर बरोबरच होते. ते विचारण्याची पाळी तिच्यावर आली नाही, इतकेच.