घराचा ताबा लांबला, तर निवड खरेदीदाराची

रायपूर : करारात लिहिलेल्या तारखेला विकासकाने घराचा ताबा दिला नाही, तर व्यवहार मोडायचा की टिकवायचा, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने खरेदीदाराला दिला आहे. छत्तीसगढच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजेच रेराकडे, दाद मागताना नेमके काय मागावे, हे या निवडीवर ठरते.

स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १८ नुसार खरेदीदार व्यवहारातून बाहेर पडू शकतो. तेव्हा भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत द्यावी लागते. घर हवेच असेल, तर प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. छत्तीसगढच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के अधिक आहे.

या तरतुदीचे मोल आकड्यांतून कळते. एक हजार चौरस फुटांच्या सदनिकेसाठी ३० लाख रुपये भरले आणि व्याजदर दहा टक्के धरला, तर महिन्याला २५ हजार रुपये होतात. अनेक जुन्या करारांत मात्र विलंबासाठी चौरस फुटामागे महिना पाच रुपये, म्हणजे अवघे पाच हजार, असे कलम असे. खरेदीदाराचा हप्ता चुकला की त्याच्याकडून १८ टक्के. आता दोन्ही बाजूंना एकच दर लागू आहे. अशा एकतर्फी अटी खरेदीदारावर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी पायोनिअर अर्बन प्रकरणात स्पष्ट केले.

मजूर मिळाले नाहीत, परवानगी रखडली, ही कारणे नेहमीचीच. प्रकल्पाच्या नोंदणीला युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप यांसारख्या आपत्तीमुळे मुदतवाढ मिळू शकते. पण विलंबाचा दोष खरेदीदाराकडे नसेल, तर पैसे परत मागण्याचा त्याचा हक्क बिनशर्त आहे, असा निर्वाळा न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यूटेक प्रकरणात दिला.

याच निकालाने तक्रारीचा मार्गही निश्चित केला. परतावा आणि व्याज यांचा निर्णय प्राधिकरण करते. नुकसानभरपाई मात्र न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबल्या, की वेळ वाया जातो. विक्रीसाठी घरे बांधणारी गृहनिर्माण मंडळे व विकास प्राधिकरणेही कायद्याच्या लेखी प्रवर्तकच आहेत. सरकारी यंत्रणेने वसवलेल्या नवा रायपूरसारख्या शहरात घर घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

सारा दावा ताब्याच्या तारखेवर उभा असल्याने ती नोंदणीकृत करारात हवी. असा करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे.

आदेशानंतरही व्याज वा भरपाई दिली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. विकासकाला अपील करायचे असल्यास खरेदीदाराला देय असलेली संपूर्ण रक्कम, व्याज व भरपाईसह, आधी अपिलीय न्यायाधिकरणात जमा करावी लागते.