फौजदारी खटल्यातील वैद्यकीय नोंदींचे वाचन

फौजदारी खटल्यातील जखम प्रमाणपत्र वा केस पेपर वाचताना, वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेले, त्याला सांगितले गेलेले आणि त्यावरून त्याने दिलेले मत यांत भेद करावा लागतो. ‘कोयत्याने मारहाण’ ही नोंद बहुधा रुग्णाने अथवा त्याला आणणाऱ्याने पुरविलेली माहिती असते. जखमेचे वर्णन मात्र डॉक्टरांचे. तेही चुकू शकते. डोक्याच्या त्वचेखाली लगेच हाड असल्याने काठीच्या फटक्यानेही त्वचा कापल्यासारखी फाटते. भिंगातून पाहिल्यास कडा ठेचलेल्या व केसांची मुळे चिरडलेली आढळतात. ही तपासणी न करता ‘कापलेली जखम’ असे लिहिले गेल्यास काठीची जखम धारदार शस्त्राच्या नावे जमा होते आणि आरोपाचे कलमही बदलू शकते.

दिनांकही तितकेच निर्णायक ठरतात. तीव्र वेदना वा नित्य व्यवहारातील असमर्थता यांवरून जबर दुखापत ठरण्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० नुसार वीस दिवस लागत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ही मुदत पंधरा दिवस आहे. रुग्णालयातील नुसते वास्तव्य हा त्याचा पुरावा नव्हे; वेदनेची व असमर्थतेची नोंद हवी, आणि नेमकी तीच पुष्कळदा त्रोटक असते.

मृत्युपूर्व जबाबावरील ‘रुग्ण जबाब देण्यास सक्षम’ या शेऱ्याचे स्थान निराळे आहे. जबाब नोंदविणाऱ्याची रुग्णाच्या सक्षमतेविषयी खात्री झाली असल्यास, केवळ हा शेरा नाही म्हणून जबाब त्याज्य ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात २००२ मध्ये दिला.