फाशीची आदली रात्र: ‘द क्वेअर फेलो’

- नाटककार: ब्रेंडन बीहन (१९२३–१९६४). आयआरएशी (आयरिश रिपब्लिकन आर्मी) संबंधित गुन्ह्यात डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात काही काळ कैदेत. नाटक घडतं ते याच तुरुंगात.
- पहिला प्रयोग: पाइक थिएटर, डब्लिन, १९५४. लंडनमध्ये १९५६, दिग्दर्शन जोन लिटलवुड.
- फाशी जाणारा कैदी रंगमंचावर एकदाही येत नाही. दिसतात ते बाकीचे कैदी आणि वॉर्डर. फाशी टळणार की नाही, यावर कैदी आपल्या वाटणीच्या रविवारच्या बेकनची पैज लावतात. त्याची कबरही कैदीच खणतात. नाटकाचा खरा घाव इथे आहे.
- सगळी पात्रं पुरुष. ॲबे थिएटरच्या २०२४च्या पुनरुज्जीवनात मात्र स्त्री आणि नॉन-बायनरी कलाकार.
- आयर्लंडमधली शेवटची फाशी: एप्रिल १९५४, माउंटजॉयमध्येच. कायद्यातून शिक्षा रद्द १९९०. घटनेतच बंदी २००१च्या सार्वमतानंतर.