क्रुपच्या दौलतीचे मुखत्यार

१९५३ च्या अखेरीस जर्मनीतील एसेन येथील क्रुप पोलाद कारखान्यांची मुखत्यारी बेर्टोल्ड बाइट्झ यांच्याकडे आली, तेव्हा रूर खोऱ्यातील जुन्या पोलादवाल्यांनी नाके मुरडली असल्यास नवल नाही. कारण जेथे अधिकार वंशपरंपरेने किंवा भट्टीपाशी केलेल्या उमेदवारीने मिळावा असा रिवाज, तेथे हे चाळीस वर्षांचे पोमेरेनियन गृहस्थ एका विमा कंपनीच्या संचालकपदावरून थेट येऊन बसले होते.

त्यांना नेमणारे कारखान्यांचे मालक आल्फ्रीड क्रुप यांना वेठबिगारांच्या शोषणाबद्दल आणि व्याप्त प्रदेशांतील लुटीबद्दल न्यूरेंबर्ग येथे बारा वर्षांची सजा झाली होती; १९५१ मध्ये ते सुटले आणि जप्त मिळकतही त्यांना परत मिळाली. बाइट्झ यांचा युद्धकाळ याच्या अगदी विरुद्ध टोकाचा. गॅलिशियातील बोरिस्लाव येथे तेलकंपनीचे व्यवस्थापक असताना, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, बेल्झेकच्या मृत्युछावणीकडे निघालेल्या आगगाडीतून त्यांनी सुमारे २५० ज्यू स्त्रीपुरुष 'आवश्यक कामगार' म्हणून उतरवून घेतले. अशा रीतीने त्यांनी ज्यांना वाचविले त्यांत शिंपी होते, न्हावी होते, तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचे अभ्यासकही होते. ज्या दप्तरशाहीचे शिक्के माणसांना मरणाच्या गाडीत भरीत, तिच्याच शिक्क्याने हे सारे तेलतंत्रज्ञ ठरले. ज्यू वेठबिगारांना भरपाई देण्याचा १९५९ चा क्रुपचा करार बाइट्झ यांनीच घडवून आणला. कायदेशीर जबाबदारी मात्र कंपनीने तेव्हाही मान्य केली नाही.

शीतयुद्ध ऐन भरात असता त्यांनी पोलंड आणि रशियाशी व्यापार वाढविला, तेव्हा पश्चिम जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर यांनी त्यांच्या राष्ट्रनिष्ठेविषयीच शंका घेतली. आपल्याकडील राउरकेला पोलाद कारखान्याच्या उभारणीतील क्रुपचा सहभाग याच काळातला. परंतु या विस्ताराचा हिशेब कच्चा होता. गिऱ्हाइकांना दीर्घ मुदतीची उधारी द्यावयाची आणि स्वतः मात्र अल्प मुदतीच्या कर्जांवर भिस्त ठेवावयाची, या रीतीने १९६७ पर्यंत दोनशेहून अधिक बँकांचे देणे अंगावर आले. सरकारने ३० कोटी मार्कांची हमी दिली, ती घराण्याची खासगी मालकी संपुष्टात आणण्याच्या अटीवर. या संकटाचा दोष बाइट्झ यांच्याच पदरी घालावा लागतो.

आणि तरीही त्यांची खरी कर्तबगारी याच प्रसंगात दिसते. आल्फ्रीड यांचे एकुलते एक चिरंजीव आर्न्ट यांनी १९६६ मध्येच, सालीना वीस लाख मार्कांच्या तनख्याच्या मोबदल्यात, वारसाहक्क सोडला होता. त्यासाठी त्यांचे मन वळविणारे मुखत्यारच. ३० जुलै १९६७ रोजी आल्फ्रीड निवर्तले आणि पुढच्या वर्षी सारी दौलत लोकोपयोगी न्यासाकडे गेली. कारखान्याच्या नफ्यातून शिक्षण, संशोधन, आरोग्य आणि कलेला साहाय्य व्हावे, ही योजना उदात्त खरी. पण न्यासाचे अध्यक्ष आजन्म बाइट्झ, हेही तितकेच खरे. घराणे गेले, दरबार राहिला.

इराणच्या शहांना कंपनीचा हिस्सा विकून सत्तरच्या दशकात भांडवल आणले गेले. १९८७ मध्ये राइनहाउझनचा कारखाना बंद होणार हे कळताच संतप्त कामगार क्रुपांच्या २६९ खोल्यांच्या प्रासादात, व्हिला ह्यूगेलमध्ये शिरले. १९९९ मध्ये क्रुप आणि थिसेन या पोलाद कंपन्या एक झाल्या, तरी न्यासच सर्वांत मोठा भागधारक राहिला. त्या संयुक्त कंपनीने पुढे ब्राझील आणि अमेरिकेत उभारलेल्या कारखान्यांनी अब्जावधी युरो बुडविले. बाइट्झ ३० जुलै २०१३ रोजी, नव्याण्णवाव्या वर्षी, वारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने नवे भाग काढले, त्यांत न्यासाने रक्कम घातली नाही, आणि महत्त्वाचे ठराव अडविण्यास पुरेसा असलेला त्याचा पंचवीस टक्क्यांचा हिस्सा तेवीसवर घसरला.