उड्यांच्या सायकलला कोणतं चाक?

नागपूर सायकलिंगमध्ये ओळखलं जातं ते लांब पल्ल्यासाठी. इथल्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारणाऱ्या डर्ट जंप सायकलचं गणित मात्र पार वेगळं.

माउंटन बाइक 27.5 आणि 29 इंचांवर गेल्या, तरी डर्ट जंप 26 इंचालाच धरून आहे. छोटं चाक मजबूत असतं, हवेत पटकन वळतं. 20 इंची बीएमएक्स त्याहून चपळ, पण खडबडीत मुरुमावर ती जास्त आदळते.

टायर घेताना 26 या आकड्यावर विसंबू नये. टायरच्या बाजूवर लिहिलेला 559 हा मिलिमीटरमधला आकडा पाहावा. लेडीज सायकलचा 26 बाय 1 3/8 टायर 590चा. तो 559च्या रिमवर बसतच नाही.

खरी फसगत फोर्कमध्ये. खाली दीड इंचापर्यंत जाड होत जाणारी फोर्कची टेपर्ड दांडी जुन्या, अरुंद सरळ हेडट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीत, शिरत नाही. उलट, सरळ दांडी टेपर्ड फ्रेममध्ये योग्य अडॅप्टरने बसवता येते. अ‍ॅक्सल 15 की 20 मिलिमीटर, हेही हबशी जुळायला हवं. शिवाय डर्ट जंपच्या फ्रेम साधारण 100 मिलिमीटर ट्रॅव्हलसाठी, म्हणजे फोर्क दबण्याच्या तेवढ्या अंतरासाठी, बनतात. 140चा फोर्क लावला तर पुढचा भाग उचलला जातो, फ्रेमवर ताणही वाढतो.

म्हणून फोर्क मागवण्याआधी हेडट्यूब आणि हब मोजून घ्या.