अडीच लाख पेटंट आणि तीन लोंब्या

एका स्मार्टफोनला अडीच लाख पेटंट लागू होऊ शकतात, असा अंदाज २०११ च्या सुमारास आरपीएक्स या अमेरिकी कंपनीने मांडला होता. रोज शंभर पेटंट वाचत बसलात तर सगळी वाचून व्हायला जवळपास सात वर्षे लागतील. तोवर तो फोन भंगारात गेलेला असेल.

त्याच २०११ मध्ये नॉर्टेल या बुडालेल्या कंपनीची सहा हजार पेटंट साडेचार अब्ज डॉलरला लिलावात गेली. एका पेटंटला साडेसात लाख डॉलर पडले. लगेच गुगलने साडेबारा अब्ज डॉलर मोजून मोटोरोला मोबिलिटी घ्यायचे ठरवले. तिच्याकडे सतरा हजार पेटंट होती. फोन बनवण्यासाठी नव्हे, कोर्टात उभे राहण्यासाठी ही खरेदी चालली होती.

एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅपलने सॅमसंगवर दावा लावला. आरोप काय होते? गोल कोपऱ्यांचा सपाट चौकोन. पडद्यावर ओळीने मांडलेली चित्रे. यादी संपली की रबरासारखी मागे उसळणे. आयफोन आणि आपला फोन शेजारी ठेवून सॅमसंगने १३२ पानांचा अहवाल केला होता, तोही न्यायालयात आला. ऑगस्ट २०१२ मध्ये नऊ ज्युरींनी तीन दिवसांच्या आत निकाल दिला: १०५ कोटी डॉलर भरपाई. तेव्हाच्या दराने साडेपाच हजार कोटी रुपयांहून जास्त! पुढे अपिले झाली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, मे २०१८ मध्ये नव्या ज्युरीने ५३ कोटी ९० लाख डॉलर ठरवले. २७ जून २०१८ रोजी दोघांनी तडजोड केली आणि सात वर्षांचे भांडण मिटले.

त्याच जून महिन्याच्या ३ तारखेला गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये, डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’च्या दवाखान्यात, दादाजी रामाजी खोब्रागडे वारले. त्यांच्या वस्तूची नक्कल अ‍ॅपलच्या फोनपेक्षा कितीतरी जास्त वेळा झाली होती. आकडा पुढे काढूच.

खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. मराठवाड्यातले नांदेड वेगळे. हे झाडीपट्टीतले, जंगलालगतचे धानाचे गाव. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये त्यांच्या बांधीत ‘पटेल ३’ वाणाचे धान उभे होते. त्यात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या. पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध ते बी टाकून रानडुकरांपासून वाचवायला काट्याकुट्यांनी झाकले. हेच वर्षानुवर्षे चालले. कापायचे, निवडायचे, पुन्हा पेरायचे. भात चवीला चांगला, उत्पन्नही बरे, म्हणून शेजाऱ्यांनी बियाणे मागितले आणि यांनी दिले. बाजारात आले तेव्हा व्यापाऱ्याने नाव विचारले, नाव तर ठेवलेलेच नव्हते. एचएमटीच्या घड्याळांची तेव्हा चलती होती. धानाचे नाव एचएमटी पडले. घड्याळ कंपनीने त्याबद्दल दावा लावल्याचे ऐकिवात नाही.

आता हिशोब. एका लोंबीला दीडशे दाणे धरले तर तीन लोंब्यांचे साडेचारशे दाणे झाले. धानाचा एक दाणा पेरून रोवणी केली तर चुरणीनंतर शंभर दाणे सहज हाती येतात. पहिल्या हंगामाला ४५ हजार, दुसऱ्याला ४५ लाख, तिसऱ्याला ४५ कोटी, चौथ्याला साडेचार हजार कोटी. सगळे बियाण्यालाच ठेवले तर, हे खरे. पण कारखाना नाही, चिप नाही, बॅटरी नाही, फक्त पाणी आणि चिखल. हे धान पुढे पाच राज्यांत एक लाखाहून अधिक एकरांवर पसरले, असे सांगितले जाते. एकरी १५ क्विंटल आणि हजार दाण्यांना १५ ग्रॅम वजन धरले, तर एका एकरात दहा कोटी दाणे होतात. लाख एकरांत दहा लाख कोटी. एकावर तेरा शून्ये, आणि तीही एकाच हंगामात.

१९९४ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रातून माणसे आली आणि प्रयोगासाठी म्हणून पाच किलो बियाणे घेऊन गेली, असे खोब्रागडे सांगत. पाच किलो म्हणजे साधारण सव्वातीन लाख दाणे. १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. आम्ही मूळ वाण शुद्ध करून सुधारला, असे विद्यापीठाचे म्हणणे. असेलही. वाणातली भेसळ काढणे हे खरेच कामाचे काम आहे. पण ‘पीकेव्ही’ ही अक्षरे पुढे लागली आणि शोधणाऱ्याचे नाव कुठेच लागले नाही, याला सुधारणा म्हणता येत नाही.

मग खोब्रागड्यांनी पेटंट घ्यायला हवे होते का? घेताच आले नसते. भारतीय पेटंट कायद्यात बियाणे आणि वाण बसत नाहीत. आणि घेता आले असते तरी नको, असे माझे मत आहे. फोनच्या दुनियेत पेटंटधारक प्रत्येक विक्रीवर टक्का मागतो; मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हा कंपनीला एरिक्सनचे २४४ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. तसा एकच टक्का धानावर लावून पाहा. २०१७-१८ चा हमीभाव क्विंटलला १,५५० रुपये, १५ क्विंटल, लाख एकर: पीक २३२ कोटींचे, टक्का २ कोटी ३२ लाखांचा, दरवर्षी. पण तो टक्का भरणार कोण? दीड-दोन एकरवालेच. २०१९ मध्ये बटाट्याच्या वाणावरून पेप्सिकोने गुजरातच्या चार शेतकऱ्यांकडून प्रत्येकी एक कोटी पाच लाख मागितले होते. बोभाटा झाल्यावर दावे मागे घेतले. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे बी नेणे ही चोरी नव्हे. त्या नकलेमुळेच एचएमटी लाख एकरांवर गेले, आणि २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने हा देवाणघेवाणीचा हक्क मान्यही केला.

पगारी शास्त्रज्ञ आणि सरकारी शिक्का असलेल्या संस्थेने बी नेणे मात्र शेजाऱ्याच्या हिशोबात बसत नाही. हा कायदा आला तेव्हा ‘पीकेव्ही-एचएमटी’ बाजारात येऊन तीन वर्षे झाली होती.

खोब्रागड्यांना मान मिळाला, नाही असे नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते पुरस्कार. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’च्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव. राज्य सरकारचा कृषिभूषण, त्यासोबत ५० हजार रुपये आणि पदक. पैशाची नड पडून ते पदक विकायला नेले तर सोने खरे नाही असे निघाले, ही बातमी तेव्हा बरीच गाजली. पन्नास हजाराला लाख एकरांनी भागा. एकरी पन्नास पैसे, तेही आयुष्यात एकदाच.

ते थांबले नाहीत, हे विशेष. नांदेड ९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके असे आणखी वाण त्यांनी निवडले. नावे नीट पाहा. एचएमटीनंतर त्यांनी वाणांच्या नावात आपले गाव घातले, एकात तर स्वतःची आद्याक्षरे. वकील न लावता केलेली ही नोंदणीच होती.

भरपाईचा खटला आता कोणी लावणार नाही. पण विद्यापीठाला आपल्या वाणाचे नाव ‘खोब्रागडे-एचएमटी’ करायला कुठल्या ज्युरीची गरज नाही. एक ठराव पुरतो. तो करावा.