किकवीचा रस्ता आणि दोन चौपाट्या

भोर तालुक्यातल्या किकवीहून समुद्रावर सहलीला निघायचं, तर गाडीचं तोंड कुठे करायचं? पुण्याकडे करा, नाहीतर साताऱ्याकडे. रस्ता न बदलता दोन्हीकडे समुद्रच लागतो!

गावाजवळून धावणारा हा हमरस्ता म्हणजे पूर्वीचा एनएच ४, आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत तो आपल्या दारात येतो आणि पुढे शिरवळ, खंबाटकी, कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू ओलांडून चेन्नईला थांबतो. म्हणजे दोनेकशे किलोमीटरवर गिरगाव चौपाटी आणि अकराशे-साडेअकराशे किलोमीटरवर मरीना बीच. एकीकडे सूर्य समुद्रात मावळतो, दुसरीकडे समुद्रातून उगवतो.

आता खरी गंमत ऐका. चेन्नईच्या त्या किनाऱ्याला ‘मरीना’ हे नाव दिलं मद्रासच्या एका गव्हर्नरने. १८८४च्या सुमारास त्याने तिथे फिरायला ऐसपैस रस्ता बांधून घेतला. गव्हर्नरचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. ग्रँट डफ म्हटल्यावर इतिहासाच्या वाचकांचे कान टवकारले असतीलच. १८२६ साली मराठ्यांचा तीन खंडी इतिहास छापणारा, त्याआधी साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेला जेम्स ग्रँट डफ हा त्याचा बाप. साताऱ्याच्या कामगिरीवर बापाला नेमणारा वरिष्ठ होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुढे मुंबईचा गव्हर्नर. त्याचंच नाव लेकाला ठेवलं. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव, साताऱ्याच्या रेसिडेंटचं आडनाव आणि चेन्नईचा किनारा! आपल्या हमरस्त्याने याहून लांबचा निरोप क्वचितच पोचवला असेल.

या रस्त्याने माणसं मुंबईला जातात, पण भोरचं पाणी जात नाही. सरळ रेषेत मोजला तर अरबी समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर. पण सह्याद्रीची धार आडवी येते, आणि याच तालुक्यात उगम पावणारी नीरा पाठ फिरवून पूर्वेला निघते. नीरा-नरसिंहपूरला भीमेत, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. उत्तरेकडच्या मुळशी तालुक्यात मात्र माणसाने हा नियम उलटा केला. तिथलं धरणाचं पाणी टाटांनी घाट उतरवून भिऱ्याला वीज करायला नेलं, आणि ती वीज मुंबईला गेली. या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. मरीन ड्राइव्हचे दिवे बघताना हेही आठवू द्या.

बेत मुंबईचाच ठरला असेल, तर हॉटेल शोधण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. एकादशी? अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, तशीच रात्री. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. अर्ध्या-एक तासाचा फरक सोडून द्या. यातून निघणारा सल्ला फार कामाचा आहे. अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी वर आलेलं असतं, पोरांना किल्ले बांधायला वाळू कमीच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी, जुहूची वाळू मैदानासारखी पसरलेली. मात्र याच तिथींना भरतीही सगळ्यात मोठी. पावसाळ्यात मुंबईत ती पाच मीटरच्या जवळ जाते आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाटा रस्त्यावर येतात. चेन्नईत हाच चढउतार जेमतेम मीटरभर. चंद्र एकच, पण किनाऱ्याची ठेवण वेगळी.

मुंबईच्या वाळूत इतिहासही बराच मुरलेला आहे. गिरगाव चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले. दादर चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर, तीच आजची चैत्यभूमी. जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन स्वतः विमान चालवत उतरले. आणि मुंबईचं बेट इंग्लंडच्या राजाने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं होतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५पासून लोकांनी ढिगांनी कचरा उचलला, तेव्हा २०१८च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे चालत गेली. मला विचाराल तर चौपाटीवरच्या कुठल्याही भेळेपेक्षा ही बातमी चविष्ट.

खाण्यावरून आठवलं. मरीनावर भेळेच्या जागी सुंडल मिळतं: उकडलेले वाटाणे, वर कैरी आणि ओलं खोबरं. आपल्या उसळीचीच कोरडी बहीण, आणि भेळेपेक्षा पोटाला बरी.

जाण्यापूर्वी एवढं बघून ठेवा. मोटारसायकलवरून निघणार असाल, तर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू हे तिन्ही तुम्हाला बंद. खंडाळ्याच्या जुन्या रस्त्याने जा. पावसाळ्यात जुहूच्या पाण्यात पोरांना सोडू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात निळे जेलीफिश किनाऱ्याला लागतात आणि त्यांचा डंख झोंबतो. आणि गेटवेवरून लाँचने घारापुरीला जायचं मनात असेल, तर सोमवार सोडून कुठलाही वार धरा. सोमवारी लेणी बंद असतात.